गगनबावड्याची ओळ

हातकणंगले, शिरोळ, पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, करवीर, कागल, गडहिंग्लज, भुदरगड, आजरा, चंदगड.

कोल्हापूर जिल्ह्यात चार पावसाळे काढलेल्या माणसाला ही बारा नावं याच क्रमाने पाठ होतात. जिल्हा प्रशासनाच्या रोजच्या पाऊसपाण्याच्या पत्रकात ती अशीच येत आली आहेत: नाव, आडवी रेघ, आकडा, 'मिमी'. त्याखाली राजाराम बंधाऱ्याची पातळी, मग पाण्याखाली गेलेले बंधारे, मग धरणांतला साठा आणि विसर्ग. सगळा मिळून पानभर मजकूर. लिहिणाऱ्याचं नाव नाही आणि विशेषण औषधालाही सापडत नाही. तरी जून ते सप्टेंबर आमच्या भागात हे पान जेवढं वाचलं जातं, तेवढी कविता बारा महिन्यांत वाचली जात नसेल. ज्याला एवढा वाचक आहे त्याचं रसग्रहण व्हायला हरकत नसावी.

आधी क्रम पाहू. तो अकारविल्हे नाही, पावसाच्या उतरत्या भाजणीचाही नाही. यादी म्हणत म्हणत नकाशावर बोट फिरवलं, तर बोट पूर्वेच्या सपाटीवर सुरू होतं, तिथून उडी मारून पन्हाळ्यावर जातं, शाहूवाडीकडून सह्याद्रीच्या कडेने राधानगरी-गगनबावड्याला टेकतं, करवीर-कागलच्या मैदानात उतरतं आणि भुदरगड-आजऱ्यावरून चंदगडच्या झाडीत, पार गोव्याच्या वाटेवर जाऊन थांबतं. भर पावसाळ्यात आकडेही बोटाबरोबर चढउतार करतात. पहिली दोन नावं कोरडी. तिसऱ्यापासून चढ. सहाव्यावर, म्हणजे गगनबावड्यावर, शिखर. मग उतार, आणि शेवटच्या तीन नावांना पुन्हा एक छोटा चढ. हे कुणी योजून केलं असेल असं वाटत नाही. कधीतरी एखाद्या कारकुनाच्या वहीत जी नावं जशी आली तशी राहिली असतील. पण मोठ्याने वाचून पाहा. यादीला एक श्वास आहे आणि तो गगनबावड्याला भरून येतो.

आमचं शिरोळ दुसरं. बहुतेक दिवशी ह्या यादीतला सगळ्यात लहान आकडा आमचाच असतो. वर्षाचा हिशेब केला तर शिरोळला पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि गगनबावड्याला पाच हजारांच्या पुढे. मधलं अंतर शंभरएक किलोमीटर. एकाच जिल्ह्यात, एकाच पानावर, चार नावांच्या फरकाने हे दोन देश शेजारी बसवलेले असतात.

आणि गंमत अशी की शिरोळचा माणूस शिरोळची ओळ वाचतच नाही.

मी जयसिंगपुरात राहतो. शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेलं हे गाव पट्टी लावून आखलेलं आहे. गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. अशा गावात वाढलेल्या माणसाला तक्त्यांचं वेड असलं तर नवल नाही. पण हे पान वाचायला मला शिकवलं ते मामांनी. मामा कुरुंदवाडचे. समोर पंचगंगा, पलीकडे नरसोबाची वाडी, आणि वाडीच्या घाटाशी पंचगंगा कृष्णेला मिळते. म्हणजे वरच्या निम्म्या जिल्ह्याचं पाणी ज्या दारावरून जातं, त्या दारात मामांचं घर. मोबाइल नव्हते तेव्हा पावसाळ्यात रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. कारण पेपर आमच्याकडे आधी यायचा.

"गगनबावडा किती झालाय रं?"

मी आकडा सांगायचो.

"आणि राधानगरी?"

तोही सांगायचो. मग थोडा वेळ फोनवर नुसता श्वास. मनात गणित चाललेलं असायचं. एकदा मी लहानपणाच्या आगाऊपणाने विचारलं, "मामा, शिरोळचा नको का?" तर म्हणाले, "त्यो मला अंगणात दिसतोय की."

ह्या एका वाक्यात पत्रक वाचायची सगळी रीत आहे. आपल्या अंगणातला पाऊस कळायला पान लागत नाही; पान लागतं ते दुसऱ्याच्या अंगणातला कळायला. गगनबावड्याकडचा पाऊस कुंभीत येतो, राधानगरीकडचा भोगावतीत, कासारी आणि तुळशी आपापलं पाणी आणतात, प्रयाग चिखलीला सगळं एकत्र होऊन त्याची पंचगंगा होते, ती कोल्हापूर शहराला वळसा घालून, राजाराम बंधाऱ्यावरून, इचलकरंजीखालून आमच्याकडे येते. वाटेत तिला वेळ लागतो. म्हणून सहाव्या नंबरची ओळ ही दुसऱ्या नंबरच्या ओळीसाठी भविष्यकाळ असते. शिरोळपुढे शून्य असतं, आकाश निवळलेलं असतं, पोरं विट्टी-दांडू खेळत असतात आणि नदी चढत असते. २०१९ आणि २०२१ ह्या दोन्ही पुरांनी हे आमच्या तालुक्याला पुरतं शिकवलं. तेव्हा उदगाव, अर्जुनवाड, चिंचवाडकडची माणसं जयसिंगपुरात नातलगांकडे येऊन राहिली होती, आणि प्रत्येकाच्या तोंडी गगनबावडा आणि कोयना ही दोनच नावं. स्वतःच्या गावाच्या पावसाबद्दल कुणी बोलत नव्हतं.

आता पानाच्या खालच्या भागाकडे येऊ. इथे आकडे कमी आणि वाक्यं जास्त, पण ती वाक्यं फार मोलाची आहेत. 'पंचगंगा नदीवरील शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड व शिरोळ हे बंधारे पाण्याखाली.' कोल्हापूर पद्धतीचे हे बंधारे उन्हाळ्यात पाणी अडवायला आणि माणसांनी पलीकडे जायला. बंधारा पाण्याखाली गेला म्हणजे एक वाट बंद झाली. यादीत जसजशी नावं वाढत जातात तसतसा जिल्हा आकसत जातो: अमुक गावाची एसटी लांबून, तमुक गावचं दूध आज येणार नाही. पत्रक यातलं काहीच म्हणत नाही. फक्त नावं म्हणतं. ज्याला त्या वाटा माहीत आहेत त्याला ती यादी बातमीसारखी वाचता येते, आणि ज्याला नाहीत त्याच्यासाठी ती नुसती भूगोलाची उजळणी.

त्यापेक्षाही मला आवडतं ते क्रियापद. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत; पाणी ठरावीक पातळीला चढलं की आपल्याच दाबाने ते दरवाजा उघडतं, वीज लागत नाही आणि माणूसही लागत नाही. त्यामुळे पत्रकात वाक्य येतं, 'सहा क्रमांकाचा दरवाजा उघडला.' तेच कोयनेचं वाक्य असतं, 'सहा वक्र दरवाजे अमुक फुटांनी उचलण्यात आले.' एका ठिकाणी दरवाजा कर्ता आहे. दुसऱ्या ठिकाणी कर्ता आहे, पण कर्मणी प्रयोगाच्या आड उभा आहे. सरकारी मराठीला एरवी आपण नावं ठेवतो. इथे मात्र 'उघडला' आणि 'उचलण्यात आले' ह्यांतला फरक अभियांत्रिकीइतका नेमका आहे. पूर ओसरल्यावर 'पाणी कुणी सोडलं' ह्यावर जी भांडणं होतात, ती सगळी ह्या दुसऱ्या क्रियापदाच्या पोटात असतात. राधानगरीशी भांडण नाही. तिथे पाण्यानेच पाणी सोडलेलं असतं.

राधानगरीच्या एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी पडतं. सातही उघडले तर १०,००० ला चारच कमी. आता धरणसाठा मोजतात टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, आणि विसर्ग मोजतात क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. दोन्ही आकडे शेजारी छापलेले असतात. त्यांना जोडणारा पूल पत्रक देत नाही. तो खिशात ठेवावा: ११,५७४ क्युसेक पाणी अखंड एक दिवस सोडलं की एक टीएमसी होतं. हे एकदा डोक्यात बसलं की राधानगरीचे सातही दरवाजे म्हणजे दिवसाला एक टीएमसीला थोडं कमी, असं त्या ओळीचं मराठीत भाषांतर होतं. मामा हे आकडेमोडीशिवाय सांगायचे. त्यांचं माप वेगळं होतं, वाडीच्या दत्तमंदिराची कुठली पायरी बुडाली आणि दक्षिणद्वार झालं का. मंदिरात शिरलेलं पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडू लागलं की त्या धारेत स्नानाला माणसं गर्दी करतात. श्रद्धेचा सोहळा आहे. आणि नदीची पातळी जाहीर करण्याची आमच्याकडची सगळ्यात जुनी रीतही तीच असावी.

इथवर कौतुक झालं. आता एक खोट. तिचा फटका आमच्याच घराला बसला आहे.

राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. ही मोजपट्टी फूट-इंचांची आहे. मूळ पत्रकात '४० फूट ११ इंच' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. पण निरोप पुढे जाताना हात आखडतो आणि होतं '४०.११'. एका पुरात रात्री मामेभावाकडे असेच निरोप येत होते. आधी ४०.८, मग ४०.९. तासाभराने आलं ४०.१०. पोराने शाळेत दशांश शिकलेले; म्हणाला, "अप्पा, पाणी उतरायला लागलं. पॉइंट नऊवरून पॉइंट एकवर आलं." ट्रॉलीत चढवलेलं धान्य त्यांनी निम्मं पुन्हा खाली घेतलं. पुढचा निरोप ४०.११. नखभर चढलेलं दिसतंय, एवढंच पोराला वाटलं. त्याच्या पुढचा ४१, तेव्हा सगळे उठून बसले. पाणी सबंध रात्र इंचाइंचाने चढतच होतं. एका टिंबाने इंचाचे दशांश केले होते. धान्य वाचलं, कारण मामा निरोप न बघता कंदील घेऊन पायरी बघून आले.

टिंबाची ही गोष्ट मी ज्याला-त्याला सांगतो, कारण हवामानाच्या नोंदी प्रसिद्ध करण्याची पद्धत बदलली की बहुतेकदा बिघडतं ते असं कोपऱ्यातलं काहीतरी. आकडा तोच राहतो. आकड्याच्या आजूबाजूचं गळून पडतं.

तारखेचंच घ्या. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. पाच तारखेच्या पानावरचा पाऊस म्हणजे चार तारखेच्या सकाळपासून पाच तारखेच्या सकाळपर्यंतचा. चारच्या रात्री दहाला जो ढग फुटला, तो पाच तारखेच्या नावावर. पत्रकात 'गेल्या २४ तासांत' हे शब्द असतात तोवर कुणी फसत नाही. पण तोच आकडा एखाद्या रकान्यात जातो, वर नुसती तारीख येते, आणि पीक विम्याच्या अर्जावर शेतकरी नुकसानीची तारीख चार लिहितो तेव्हा तक्ता म्हणतो, चारला तर पाऊसच नव्हता.

किंवा शून्याचं घ्या. पाऊस पडला नाही, हे लिहायला आपल्या दप्तरांत एक देखणा शब्द आहे: 'निरंक'. अंक नाही असा. मोजायला गेलो, भांडं उघडलं, आत काही नव्हतं, हे सगळं त्यात येतं. आडवी रेघ किंवा रिकामी चौकट असली तर? मोजणारा रजेवर होता का, फोन लागला नाही का, की खरंच पाऊस नव्हता? तिन्ही शक्य. निरंक आणि रिकामं ह्यांतला भेद हा पाऊस मोजणाऱ्यांचा जुना जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि त्याचं सगळ्यात सुंदर उत्तर मला सापडलं ते एका सांकेतिक भाषेत.

जगभरच्या वेधशाळा एकमेकींना निरोप पाठवत ते पाच-पाच अंकांच्या गटांत. 'सिनॉप' म्हणतात त्याला. कोल्हापूरच्या केंद्राचा नंबर ४३१५७. त्यापुढे गट सुरू. गटाचा पहिला अंक सांगतो कशाबद्दल बोलतोय: एक म्हणजे तापमान, दोन म्हणजे दवबिंदू, सहा म्हणजे पाऊस. १०२६४ हा गट दिसला की तापमान २६.४. ६०३२४ दिसला की पाऊस ३२ मिलिमीटर, शेवटचा चार म्हणजे चोवीस तासांचा. जमीन ओली झाली पण मोजण्याइतकं काही भरलं नाही, अशा पावसालाही आकडा ठेवलेला, ९९०. आणि पाऊस नसला तर सहाचा गट येतच नाही. पण मग तो का नाही, हे सांगायला निरोपाच्या सुरुवातीलाच एक अंक राखलेला असे. तो अंक तीन असेल तर: गट गाळला, कारण पाऊस शून्य. चार असेल तर: गट गाळला, कारण मोजमाप उपलब्ध नाही. तारायंत्राच्या काळात जिथे एकेक अंक काटकसरीने वापरायचा, तिथे माणसांनी 'नव्हता' आणि 'माहीत नाही' ह्यांतला फरक सांगायला एक आख्खा अंक खर्च केला. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली होती.

आता तो निरोपही बदलला. जागतिक हवामान संघटनेने नोव्हेंबर २०१४ पर्यंत जुने अंकगट सोडून 'बफर' नावाच्या द्विमान पद्धतीवर यायचं ठरवलं. यंत्राला ती सोयीची: एकेक मोजमाप कुठल्या उंचीवर, कुठल्या उपकरणाने घेतलं हेही तिच्यात भरता येतं. माणसाला मात्र ती डोळ्यांनी वाचता येत नाही. अंकगट वाचणारे जुने निरीक्षक नुसता कागद पाहून 'उद्या झड लागणार' म्हणत. द्विमान फाइल उघडून असं कुणी म्हणू शकत नाही. ती आधी यंत्राकडून सोडवून घ्यावी लागते.

आपल्याकडे बदल आला तो महावेधच्या रूपाने. पूर्वी तालुक्याच्या कचेरीतलं फनेलचं भांडं, सकाळी कुणीतरी बाटली काढायचा, काचेच्या नळीत ओतून डोळ्यासमोर धरायचा आणि वहीत लिहायचा. आता राज्यातल्या दोन हजारांवर महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं उभी आहेत. आत इवल्याशा वाट्यांची जोडी असते, लहान मुलांच्या सी-सॉसारखी: एक वाटी भरली की कलंडते, दुसरी वर येते, आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद होते. दर दहा मिनिटांना निरोप जातो. कृषी विभागाच्या महारेनवर मंडळागणिक आकडा दिसतो, आणि आता केंद्रं ग्रामपंचायतीपर्यंत न्यायची तयारी चालू आहे.

ह्याचा फायदा मी नाकारणार नाही. जुन्या पानावर 'शिरोळ- २.७' असायचं. हा २.७ कुठे पडला? बहुधा कुठेच नाही. समजा, नांदणीत दणकून पडला, शिरढोणला चार थेंब, कुरुंदवाडला निरंक. सगळ्याची बेरीज करून भागलं की तालुक्याला सरासरी मिळते आणि नांदणीवाल्याचं नुकसान त्या भागाकारात विरघळतं. अतिवृष्टीची मदत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या रेषेवर ठरते. त्या रेषेपाशी मंडळाचा स्वतःचा आकडा असणं म्हणजे काय, हे ६४ वाल्याला विचारावं. आणि दहा मिनिटांच्या नोंदीला तर वाङ्मयीन गुण आहे. कल्पना करा: शून्य, शून्य, अर्धा, अकरा, चौदा, नऊ, दोन, शून्य. हा वळीव. वाचताना पत्रे वाजलेले ऐकू येतात. तेवढाच पाऊस रात्रभर अर्ध्या-अर्ध्याने आला तर ती झड, उसाला आणि भुईला मानवणारी. जुन्या पानावर दोन्हींचा आकडा एकच असायचा. तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस अशी पुनर्वसू-पुष्याची नावं ठेवणाऱ्या भाषेला पावसाची चाल कळत होती. तक्त्याला ती आता कळायला लागली आहे.

फक्त वाचायची वाट उलटी झाली. जुन्या पानावर बारा नावं न मागता समोर यायची. शिरोळवाल्याची नजर गगनबावड्यावरून जायचीच. नव्या ठिकाणी आधी जिल्हा निवडा, मग तालुका, मग मंडळ. माणूस स्वतःचं गाव निवडतो, स्वतःचा आकडा बघतो आणि फोन खिशात टाकतो. त्याला मिळतो अंगणातला पाऊस, तोही दशांश चिन्हासकट.

गेल्या पावसाळ्यात कुरुंदवाडला गेलो होतो. मामा आता थकले आहेत, कट्ट्यावर बसून असतात. नातू फोन घेऊन शेजारी. म्हणाला, "आजोबा, आपल्याकडं झिरो पॉइंट झिरो."

"ते ऱ्हाऊ दे. गगनबावडा बघ."

त्याने बोटाने वर-खाली केलं, जिल्हा तोच, तालुका बदलला, आणि थांबला. "आजोबा, तिथं दोन दाखवतंय. गगनबावडा आणि साळवण. कुठलं बघू?"

मामांनी असं कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्यासाठी ती जन्मभर एकच ओळ होती. घाटमाथ्यावरचं गगनबावडा आणि खाली कुंभीच्या काठचं साळवण, दोन वेगवेगळे आकडे. ते नदीकडे बघत थोडा वेळ गप्प राहिले, फोनवर राहायचे तसेच.

"दोन्ही वाच," म्हणाले. "आधी साळवण."